तूप कढताना

आई,

आज सकाळी तुझी सून लोणी कढवीत होती आणि मी स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून नुसता ऐकत बसलो होतो. ऐकण्याखेरीज मला आता फारसे काम उरलेले नाही. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर माझा आवाज म्हणजे केवळ खरखर आहे, आणि चर्चमधल्या ज्या पुलपिटावरून मी उभी हयात शास्त्रपाठ वाचला, तेथे आता दुसरे कोणी वाचते.

त्या तडतडीने मला परळची आपली खोली आठवली. त्या वर्षीचा नाताळ तोंडावर आला आहे. करंज्यांसाठी तू लोणी स्टोव्हवर चढवतेस आणि नळावर जाताना मला बजावतेस, "तडतड थांबली की लगेच उतरव. थांबली म्हणजे पाणी गेलं, तूप झालं." मी मान डोलावतो. दुसऱ्या दिवशी उपासनेत माझा पहिलाच पाठ आहे, विस्तवात रुपे गाळून शुद्ध करणाऱ्या देवाविषयीचा, आणि मी तो भिंतीकडे तोंड करून, खर्जातून वर चढत, पुन्हा पुन्हा म्हणतो आहे. तू परतलीस तेव्हा खोलीभर धूर होता. तडतड कधी थांबली ते मला ऐकूच आले नव्हते. काळी पडलेली बेरी पाहून तू एवढेच विचारलेस, "शास्त्र वाचतोस की गाजवतोस?" शेजारच्या मावशी दारातूनच म्हणाल्या, "काय गो, यंदा तुमच्या येशूक करपलेला तूप चालता काय?"

"त्याने आम्हाला चालवून घेतलंय," तू म्हणालीस, "तुपाचं काय घेऊन बसलीस!"

पुढे लोकांनी माझ्या वाचनाची वाखाणणी केली आणि तुझा प्रश्न मागे पडला. किती आजाऱ्यांच्या उशाशी उभा राहून मी सांगितले असेल, की देवाचा अग्नी जाळीत नाही, निवळवतो. सांगणे सोपे होते. स्वतःचा आवाज गेला तेव्हा मी पथ्याचे निमित्त काढून रविवारी घरी राहू लागलो. आपल्या जागी दुसऱ्याला पाहवत नव्हते. मंडळीत पुन्हा पाऊल टाकायचे नाही, असे मनाशी जवळजवळ ठरले होते. शेवटी तुझी सूनच म्हणाली, "अहो, देवानं आवाज घेतलाय, कान नाही. उठा."

गेल्या रविवारी शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. डिलाईल रोडच्या एक परिचारिका वाचत होत्या, नेमका तोच पाठ. एका शब्दाशी त्या अडखळल्या. दुरुस्त करण्यासाठी माझा घसा आपोआप हलला. आवाज निघाला नाही. मग मलाही थांबावे लागले, आणि मुखोद्गत असलेल्या त्या पाठात पुढे काय येते याची मी प्रथमच वाट पाहिली. शुद्ध करणारा तेथे बसून असतो, हे पुढे आले. पातेल्याकडे पाठ करून उभा होतो तो मी. तो मात्र विस्तवापाशी बसून असतो, उठून जात नाही.

तुझ्या सुनेने आज तूप वेळेवर उतरवले. माझीही तडतड थांबली, असे तुला कळवता आले असते तर बरे वाटले असते. हे पत्र तुझ्यापर्यंत पोहोचायचे नाही, म्हणूनच लिहितो: रोज सकाळी, ती उठण्याआधी, मी न्हाणीघराचे दार लावून त्या पाठाची पहिली ओळ म्हणून पाहतो, आवाज परत आला की काय.

आजही म्हणून पाहिली.