मामांचं कानकोरणं आणि तनूचा साखरपुडा

ती. मामींना,

बेसिंगस्टोकहून यतीनचा साष्टांग नमस्कार. गुडघे कसे आहेत? तनूच्या साखरपुड्याची धावपळ फार अंगावर घेऊ नका. इकडे मी आणि ऋजुता मजेत आहोत. मामा मात्र मजेच्याही पलीकडे गेलेत, आणि तीच तक्रार करायला लिहितोय (फोनवर बोलावं तर ते नेमके शेजारी येऊन बसतात).

मी रविवारी नेमबाजीच्या क्लबला जातो. (घाबरू नका. इथे पिस्तुलाला बंदी, पण त्याची काडतुसं लांब बंदुकीतून उडवायचा माझ्याकडे रीतसर परवाना आहे.) उडालेल्या काडतुसाच्या पितळी नळ्या आम्ही पुन्हा भरतो. नळीच्या बुडाला एक बारीक खळगा असतो, प्राइमर पॉकेट. ठिणगी पाडणारी टिकली त्यात बसते, म्हणून आतली काजळी खरवडावी लागते. मामांनी हे पाहिलं मात्र, म्हणाले, “पितळ ना? मग चिंच आण!” मी आणली, इथेच माती खाल्ली. नळ्या अशा लखलखल्या की अख्खा क्लब बघत राहिला. स्पर्धेत मी घोडा दाबला, तर नुसतं टिक्. पुन्हा टिक्. खळग्यात चिंचेचा कोळ वाळून बसलेला, टिकली धड बसणार कुठून!

मामांच्या हे जिव्हारी लागलं. घरी येताच त्यांनी जानव्याचं चांदीचं कानकोरणं सोडलं आणि एकेक खळगा कोरायला बसले. (काजळीत शिसं असतं, म्हणून हातमोजे घालायला लावलेत, आणि ते पुन्हा कानात घालणार नाही अशी गणपतीची शपथ घेतलीय.) आता सगळा क्लब डबे भरभरून नळ्या आणून देतो, आणि मामा गॅरेजमधून जेवायलाही उठत नाहीत. साखरपुड्यासाठी तिकीट काढू म्हटलं की त्यांना ऐकू येत नाही (कानकोरणं नाही ना). फार खनपटीला बसलो, तर म्हणाले, “मुलगी आपलीच आहे, पळून जातेय का?” ऐका! तेव्हा मामी, एकदा तुमच्या ठेवणीतल्या आवाजात फोन करा आणि त्यांना बोलावून घ्या.

तुमचा,
यतीन

ता.क. फोन करू नका. क्लबची फायनल नेमकी साखरपुड्याच्याच रविवारी आहे, आणि मामांनी खळगे कोरायला घेतल्यापासून माझा एकही बार फुकट गेलेला नाही. साखरपुडा एक रविवार पुढे ढकलता येईल का?

ता.क. २ तुमचा तोटा होऊ देणार नाही. पितळ घासलं की हात सोलतात, म्हणून मामांनी लग्नापासून घरात तांब्याही घासला नाही ना? इथे रोज डबाभर घासतात, हात लोण्यासारखे आहेत. साखरपुड्याची सगळी पितळी भांडी त्यांच्यासाठी राखून ठेवा. चिंच तेवढी भिजत घाला.