एकोणचाळीसची मंडळी

२ मे

बाजीराव पेशवे – एकोणचाळीस. विवेकानंद – एकोणचाळीस. गुरुदत्त – एकोणचाळीस. मार्टिन ल्यूथर किंग, पार अमेरिकेतला – तोही एकोणचाळीस!

क्षितिजाचा सुट्टीतला प्रकल्प. लवकर गेलेली थोर माणसं. ती फोटो चिकटवत होती, मी डिंक धरून बसलो होतो. मध्येच म्हणाली, "पप्पा, तुम्ही पण एकोणचाळीसच ना?" वैशालीने तिच्यावर डोळे वटारले. त्याने जास्तच धसका बसला.

३ मे

थोरांचा नियम गोदामातल्या सुपरवायझरला लागतो का? अठ्ठावीस तारखेला मला चाळीस पूर्ण होतात. तेवढं निभावलं की सुटलो.

पण ठाण्याचे डॉक्टर म्हणतात, हृदयाची झडप आकसलीय, मांडीतून नळी घालून फुग्याने उघडायची, तेरा तारखेला या, लांबवू नका. लांबवू नका म्हणे! नेमकं याच वयात टेबलावर झोपू?

५ मे

वडप्याच्या आमच्या गोदामाचा जिना चढताना धाप लागली. तिथेच खोक्यावर बसलो. सादिकने पाणी दिलं. दहा वर्षं एका शिफ्टला आहोत, त्याच्यापासून काय लपवायचं – यादी सांगितली. हसला! "केसरीभाई, हमारे निजामपुरे में लोग हर उमर में मरते हैं. चुपचाप ऑपरेशन कराओ." थोड्या वेळाने हळूच विचारतो, "वो पेशवा सच में इतना जवान था?"

म्हणजे त्यालाही लागलंच.

६ मे

दवाखान्यात फोन करून एक जून मागून घेतली. वैशालीला सांगितलेलं नाही.

८ मे

कळलं तिला. खूप भांडली. "पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या माणसांपायी मला विधवा करणार का?" मग रडली. मला तिचं पटतं. माझंही पटतं. दोन्ही एकदम कसं पटतं? डोकं चालेनासं झालंय.

तिने गावी, अकलोलीला, आईला फोन लावला. आई म्हणाली, रविवारी त्याला पाठव.

१० मे, रविवार

आईने मला पडवीत बसवलं. मी सांगितलं, अठ्ठावीस तारीख जाऊ दे, मग करतो. ती सुपात तांदूळ निवडत होती. म्हणाली, "नाथा, त्या जन्माच्या दाखल्यावरचा तू न्हाय."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"तो तुझा थोरला. तुझ्या आज्याचं नाव, केसरीनाथ, त्याला ठेवलं व्हतं. दीड म्हयन्याचा व्हता, तापानं गेला. पुढल्या सालाला भातकापनीत तू झालास. आज्याचं नाव चालवायचं, म्हनून तेच तुलापन ठेवलं. शाळंत घालताना मास्तरानं दाखला मागला. घरात एकच व्हता."

"मग सांगितलं का नाहीस, आये?"

"काय सांगू? तुला हाक मारली की दोघांना मारल्यावानी वाटायचं."

तिने सूप बाजूला ठेवलं.

११ मे

मी अडतीसचा. दीड वर्षाने लहान!

म्हणूनच वर्गात सगळ्यांत बुटका मी. पहिलं मतदान केलं ते साडेसोळाव्या वर्षी – गुन्हाच की! आणि वैशाली माझ्यापेक्षा पाच महिन्यांनी मोठी. हे तिला मी तरी सांगणार नाही.

पण मग एकोणचाळीस अजून लागायचंय! भातकापणीत, म्हणजे नोव्हेंबरात लागणार. खऱ्या चाळिशीपर्यंत थांबायचं तर पुढच्या सालचा नोव्हेंबर. झडप तेवढी थांबेल? का आत्ताच, अडतीसमध्येच उरकून घ्यावं? पण कागदावर तर एकोणचाळीसच. यम कोणता कागद बघतो?

गोदामात चुकीचं लेबल लागलेलं खोकं आलं तर परत पाठवतो. मला कुठे पाठवायचं?

आणि तो? दीड महिन्याचा. त्याचा फोटोसुद्धा नाही. त्याच्या दाखल्यावर मी शाळा शिकलो, नोकरी धरली, लग्न केलं. दिवसभर त्याचंच मनात. मला भाऊ होता!

१२ मे

अडतीसमध्येच उरकायचं ठरवलं, दवाखान्यात फोन केला. तेरा गेलीच होती हातची, पंधरा मिळाली. वैशाली लगेच पिशवी भरायला लागली.

१४ मे

भरती. फॉर्मवर वय होतं. वैशालीने एकोणचाळीस लिहिलं, आधार कार्डावर तेच. मी पेन मागून घेतलं, खोडायला. मग तसंच परत दिलं.

असू दे दादाचं वय सोबतीला. एकट्याने जाण्यापेक्षा बरं.



१७ मे

आहे! लिहितोय म्हणजे आहे.

२८ मे

आज दादाला चाळीस पूर्ण झाली. केक मी कापला. आईने दोन घास भरवले – दोन्ही मलाच.