समोरचा पाट

तीर्थस्वरूप भिवराआत्यांच्या पायांशी पाटोद्याहून धर्मराजचा दंडवत.

तुमचे गुडघे कसे आहेत? (दुखत नाहीत असंच तुम्ही म्हणणार, म्हणजे दुखत असतील.) तेलगावात टँकर येतो का? इथे येतो कधीमधी, आणि आला की आम्ही प्राध्यापक मंडळी बादल्या घेऊन विद्यार्थ्यांच्या आधी पळतो. आमच्या मठाच्या कॉलेजाला विद्यापीठ हे नाव सरकारने नाही, बोर्ड रंगवणाऱ्याने दिलंय, असं तुम्ही मला नोकरी लागली त्या दिवशीच म्हणाला होतात. तरी पगार मिळतो, आणि आमचे महाराज खरोखर देवमाणूस आहेत, म्हणून माझं बरं चाललं होतं. ('होतं' लिहिलंय, तुमच्या लक्षात आलंच असेल.)

झालं असं, की थोरल्या महाराजांनी मठाला एक रीत घालून दिली आहे. एकादशीच्या प्रवचनाला गादीसमोर एक पाट मांडायचा. त्यावर बसणाऱ्याने महाराजांच्या बोलण्यावर शंका काढायची, हरकत घ्यायची, आणि उत्तर पटलं की मोठ्याने 'समाधान झालं' म्हणायचं. तोवर फराळाचा प्रसाद वाढायचा नाही. रीत मोठी सुंदर. पण इतकी वर्षं पाटावर आमचे विठ्ठलराव गुरुजी बसत. त्यांची शंका म्हणजे साधारण 'महाराज, आपल्याला एवढं ज्ञान कसं?' अशी, आणि समाधान तर शंका संपायच्या आधीच होई. (भगर गरमच चांगली लागते, असं त्यांचं ठाम मत.) यंदा त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि पाटावर मला बसवलं.

त्या दिवशी महाराज म्हणाले, दुष्काळ हे आपल्याच पापाचं फळ आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावणार होतो, तुमची शपथ. पण आत्या, तोंड उघडलं आणि त्यातून तुम्हीच बाहेर पडलात. "मग महाराज, गावातले आड कोरडे आन् चेअरमनसायबांचा ऊस हिरवागार, हे कावून? सगळं पाप आमीच केलं काय?" चेअरमनसाहेब म्हणजे बद्रीनाथराव, सहकारी साखर कारखान्याचे चेअरमन आणि आमच्या विद्यापीठाचे अध्यक्ष. पहिल्याच रांगेत लोडाला टेकून बसले होते. ते एकदम मांडवाच्या छताकडे बघू लागले, जणू प्रश्न तिकडूनच पडला.

महाराजांनी पोथी मिटली. मग हसून म्हणाले, "याचं उत्तर मला आज येत न्हाई. पुढच्या एकादशीला देतो." झाली का पंचाईत! समाधान नाही म्हणजे प्रसाद नाही. सगळा मांडव माझ्याकडे बघतोय, आणि स्वयंपाकघराच्या दारातून मनकर्णाबाई पळी उगारून ओरडतायत, "समाधान म्हना की ओ सर, आमटी गार व्हायलीय!" पण मला काही म्हणवेना. लहानपणी मी न पटलेल्या गोष्टीला उगाच हो म्हटलं की तुम्ही किती चिडायचात, ते आठवलं. शेवटी महाराजांनीच सांगितलं, "वाढा रे. शंका थांबंल पंधरा दिवस, भूक कशाला थांबवायची?" त्या क्षणी मला ते फार म्हणजे फार आवडले.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी बैठक घेतली. फार गोड बोलले. मठात विचारांचं स्वातंत्र्य आहेच, ते काढून घेणारे आपण कोण? फक्त इथला पगार खाणाऱ्याने पाटावर बसणं शोभत नाही. माणूस कसा तटस्थ हवा. ज्याचं मठाशी, कारखान्याशी, सोसायटीशी काही घेणंदेणं नाही, त्याने खुशाल बसावं आणि वाटेल ते विचारावं. असा माणूस न मिळाल्यास पाट थोरल्या महाराजांच्या खडावांशेजारी काचेच्या कपाटात ठेवण्यात येईल.

माणूस शोधायला निघालो तेव्हा कळलं, साहेब एवढे गोड का होते. रामकिसन वकील बोलायला पटाईत, पण त्याच्या उसाला तोडीची टोळी चेअरमन पाठवतील तेव्हाच येते. गावातला शहादेव कुणाला भिणारा नाही, पण त्याचा पोरगा आमच्याच वसतिगृहात राहतो. बीडहून एक पत्रकार आणावा म्हटलं, तर त्याच्या पेपरात पानभर जाहिरात कारखान्याची. प्रश्न सगळ्यांकडे आहेत, आणि ते सगळे माझ्या कानात सांगून झालेत. मोठ्याने विचारायला कोणी नाही.

असो. तुम्ही काळजी करू नका, आणि इकडे तर मुळीच येऊ नका. ऊन फार आहे, पाणी नाही, आणि एवढ्या लोकांपुढे बोलणं तुम्हाला काही जमायचं नाही.

तुमच्याच हाताखाली वाढलेला,
धर्मराज

ता.क. : ज्याच्या नावावर ना ऊस, ना सोसायटीचा शेअर, ना कुणाचे उपकार, असं सगळ्या जिल्ह्यात मला एकच माणूस माहीत आहे. महाराजांना तिच्याबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "उत्तर शोधायलोय. पर ऐकणारं कुणीतरी खमकं पायजे."

ता.क. : एकादशीला सकाळी तेलगावहून एसटी निघते. तिच्यात बसू नका. बसलात तरी पाटोद्याच्या स्टँडवर मी उभा नसेन. (रसवंतीपाशी, पांढरा सदरा घालून.)

ता.क. : नीट शोधलं तर या मठाशी तुमचंही एक घेणंदेणं निघतं, ते म्हणजे मी. (अध्यक्षांच्या अजून ध्यानात आलेलं नाही.) आत्या, आईमागे तुम्ही मला वाढवलंत, आता माझ्या नोकरीपायी तुम्ही पाटावर गप्प बसाल, एवढी एकच भीती वाटते. तसं केलंत, तर मांडवात सगळ्यांच्या मागून मीच उठून ओरडेन, "समाधान झालं न्हाई!"