दोन स्क्रीनमधली फट

२४ सप्टेंबर, सेलू

आजपासून मी कैलासभाऊंच्या फ्लेक्सच्या दुकानातला डिझायनर. पुलगावहून निघताना आईने डबा कोंबून भरला होता. इथे पोचल्यावर सपनावहिनीने माझ्यापुढे वांग्याची भाजी आणि भाकर ठेवली आणि माझा डबा स्वतःच फस्त केला. अशा घरात आपलं जमणार.

कैलासभाऊ मालक, आवाज मोठा, मन त्याहून मोठं. वहिनी त्यांची बायको, काउंटर सांभाळते. काजल त्यांची पोरगी, पहिलीत आहे, शाळेतून आली की फ्लेक्सच्या तुकड्यांवर चित्रं काढत बसते. तिने माझंही काढलं, नाक केवढं तरी. गजेंद्र हा भाऊंचा धाकटा भाऊ, अर्धा दिवस शेतात, अर्धा दुकानात. निकेश छपाई करतो आणि चौकात होर्डिंग चढवतो. त्याने पहिल्याच भेटीत विचारलं, काऊन बे, पुलगावात दुकानं संपली काय? मी म्हटलं, दुकानं आहेत, तुझ्यासारखं थोबाड नाही. लगेच दोस्ती झाली.

दुकानाच्या मागेच भाऊंचं घर. दुकानावरची खोली मला राहायला दिली आहे. खिडकीतून बाजाराचा रस्ता दिसतो. मी खूश आहे.

२७ सप्टेंबर

काम भरपूर. वाढदिवस, श्रद्धांजली, पुन्हा वाढदिवस. एका पुढाऱ्याला मी इतका गोरा केला की त्याच्या बायकोने फोन करून खात्री करून घेतली.

एकच गोष्ट डोक्यात जाते. कॉम्प्युटरला दोन स्क्रीन आहेत. डावीकडे जुनी, चौकोनी. उजवीकडे नवी, रुंद. दोघींचं रिझोल्युशन वेगळं. दोन्हींवर मिळून एक वॉलपेपर लावायला गेलं की सगळी बोंब. जुनीवर चित्र मोठं दिसतं, नवीवर लहान, आणि मधल्या फटीपाशी पायरी पडते. डोंगर लावला तर त्याचा अर्धा भाग खचल्यासारखा दिसतो. आधीचा डिझायनर प्रत्येक स्क्रीनवर वेगळं चित्र ठेवायचा म्हणे. हा काय उपाय झाला? मी हे जुळवणारच.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

सकाळी दुकानात पूजा झाली. प्रिंटर, हातोडे, दोन्ही स्क्रीन, सगळ्यांना हळदीकुंकू आणि झेंडूचा हार. फ्लेक्स कापायचं लांब कटर वहिनीने दोन स्क्रीनच्या मधल्या फटीत उभं करून ठेवलं. मग तिने सगळ्यांना बजावलं. "आज हत्यारं निजतेत. उद्यापर्यंत कोणी हात लावू नोको."

मग सगळ्यांचा फोटो. मोबाईल काउंटरवर उभा करून टायमर लावला आणि धावत जाऊन मी डाव्या टोकाला निकेशला चिकटलो. माझा एक खांदा फोटोबाहेरच राहिला. निकेशने हात लांब करून भाऊंच्या खांद्यावर टाकला होता. पुढे गजेंद्र मांडी घालून बसला. उजवीकडे वहिनी खुर्चीत, तिच्या मांडीवर आडवी मान टाकून काजल, पाय थेट फोटोच्या कडेपर्यंत.

सगळे जेवायला गेले आणि माझे हात शिवशिवायला लागले. इतका छान फोटो. दोन्ही स्क्रीनची रुंदी मिळवून लांब पट्टा केला, हिशेब करून डावीकडचा भाग लहान केला आणि लावला. कटर तसंच फटीत होतं, मी ते हलवलं नाही. पण जुळलं नाही. निकेशचा लांब केलेला हात नेमका फटीवर आला, कोपरापुढचा भाग पायरीखाली उतरलेला. वहिनीने पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. तिने कटरला पुन्हा हात जोडले. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

३ ऑक्टोबर

निकेशचा हात गेला.

चौकात होर्डिंगचा पत्रा चढवत होता. मी खाली दोर धरून उभा होतो. वरची तार तुटली आणि पत्रा पात्यासारखा सरळ खाली आला. कोपरावर. हात पूर्ण तुटला नाही. पंजा खाली लोंबत होता, कातडीवर. निकेश शिडीवरून माझ्याकडे बघत म्हणाला, "आदेश, पकड न बे." मी पकडला. तो गरम होता. माझ्या शर्टाच्या बाह्या अजून भिजलेल्या आहेत, मला त्या काढवत नाहीत.

दवाखान्यातून आल्यावर कॉम्प्युटर उघडला. तोच कोपर, तीच पायरी. मी योगायोग म्हणालो. मोठ्याने म्हणालो, कारण मनातून पटत नव्हतं.

४ ऑक्टोबर

तो हात दिवसभर समोर बघवेना. फोटो थोडा सरकवला. आता फटीवर गजेंद्रचा गुडघा येतो. मांडी घातलेली आहे, फारसं खटकत नाही. निदान निकेश तरी अखंड दिसतो.

७ ऑक्टोबर

सोयाबीन काढायला आम्ही सगळे भाऊंच्या शेतात गेलो होतो. थ्रेशर अडकला. गजेंद्रने मालाचा गोळा पायाने आत रेटला. मशीनने पाय घेतला. आधी चप्पल, मग नडगी, मग गुडघ्याशी येऊन थांबला, अगदी गुडघ्याशी. दुसरीकडून भुशाबरोबर लाल काहीतरी उडत होतं आणि ते माझ्या तोंडावर येत होतं. भाऊंनी ट्रॅक्टर बंद केला तोवर गजेंद्र ओरडायचा थांबला होता. वर्धेच्या वाटेवर, गाडीतच, माझ्या मांडीवर गेला.

मी तो फोटो सरकवला होता. गुडघा मीच फटीवर ठेवला होता. मी फोटो काढून टाकला आणि नुसता निळा रंग लावला.

९ ऑक्टोबर

सकाळी कॉम्प्युटर लावला. निळा रंग नाही. फोटो परत आलेला. मी लावला तिथे नाही, आपणच सरकलेला. फटीवर काजलची मान.

वहिनीला सगळं सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. पूजेच्या दिवशीच ओळखलं होतं म्हणाली. "निजल्या हत्याराले तू उठवलं. अन् त्याच्यापुढं आमाले एका रांगेत उभं केलं." मग तिने विचारलं की आता कुणाची पाळी. मी सांगितलं नाही. तिने स्वतः जाऊन पाहिलं.

१० ऑक्टोबर

काजल शाळेत गेली नाही. गळ्याले टोचते म्हणते. मानेभोवती बारीक लाल रेघ आहे, अर्धी वर, अर्धी खाली. मध्ये पायरी.

स्क्रीनची वायर उपटली तर ती रेघ उघडली. खरंच उघडली, रक्त फ्रॉकवर आलं. वायर परत लावली तेव्हा थांबलं. फोटोतून तिला पुसायला माझा हात धजत नाही. माणसांमध्ये मोकळी जागा करून नवा फोटो लावला, तर स्क्रीनवर सगळे पुन्हा खांद्याला खांदा लावून उभे. फक्त सरकवलेलं चालतं.

म्हणजे कुणाला तरी फटीवर ठेवावंच लागणार. निकेशचा उरलेला हात. भाऊंची छाती. वहिनी. किंवा मी.

१० ऑक्टोबर, दुपार

वहिनीने भाऊंना सांगितलं. भाऊंनी मला लोखंडी पट्टीने मारलं, पाठीवर, तोंडावर. दोन दात गेले. भाऊ मारताना भावाचं नाव घेत होते. मी हात वर केला नाही. शेवटी वहिनीने त्यांना ओढून नेलं. पोरीला काही झालं तर तुले जित्ता सोडत नाही, असं जाताना म्हणाले. बरोबर म्हणाले.

मी भित्रा आहे. भाऊंची छाती फटीवर आणून बघितली. खरंच आणली. एवढ्या मारानंतर ते सोपं वाटलं. आतून, घरातून, त्यांच्या खोकल्याचा आवाज आला आणि मी ती लगेच परत नेली.

११ ऑक्टोबर

काजलची रेघ आता मानेभर. तिला बोलता येत नाही. उशी बदलली, तीही लाल. डॉक्टरांना कळत नाही कशाने —

केलं. फोटोचं डावं टोक फटीपर्यंत ओढलं. मी फटीवर. नाकाच्या मधोमध. कपाळापासून खालपर्यंत.

वहिनी आतून ओरडून सांगते आहे, रेघ गेली. कोरडी झाली.

वर येऊन बसलो. खाली भाऊंचा आवाज. ते शेतातून आत्ताच — त्यांना माहीत नाही. वहिनी सांगते आहे, ते ऐकत नाहीत. जिन्यावर पाय. हातात कुऱ्हाड आहे, खिडकीतून दिसली होती —

दाराला कडी लावली नाही. भाऊ नसले तर तार. पत्रा. काही तरी येणारच. भाऊंच्या हातून नको होतं, एवढंच —

डाव्या डोळ्याला या ओळी मोठ्या दिसतात. खाली उतरलेल्या. उजव्याला —

काजल हाक मारते आहे. बाबा म्हणून. आवाज मोकळा आहे तिचा. स्वच्छ. भाऊ, ऐका न, ती बोलते आहे, थांबा, ती बोल —