दुआने धाडलेला कागद

प्रिय दुआ,

पाकीट फोडताच हा कागद तू ओळखशील. तूच समरकंदहून धाडलेला आहे. अब्बाने त्यावर गिचमिड केली म्हणून चिडू नकोस, चूक तुझीच. फोनवर म्हणालीस, ‘अब्बा, आय सेंट यू अ कागद.’ आमच्या दाभोळकडे कागद म्हणजे पत्र. लग्नानंतर तुझी अम्मी गावी होती, तेव्हा ‘याकूबचा कागद आलाय’ अशी हाक कामगारांच्या कॅम्पात पडली की मी आठवडाभर मिरवायचो. मला वाटलं, इथे आखातात, रास अल खैमात जन्मलेल्या, सगळं इंग्रजीत बोलणाऱ्या माझ्या पोरीने बापाला पहिला कागद लिहिला. उघडलं तर आत तुतीच्या सालीचा हा पिवळसर ताव, दोन्ही बाजूंनी कोरा. खिडकीपाशी नेऊनसुद्धा पाहिला. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

मग तू त्याची गोष्ट सांगितलीस. पावणेतेराशे वर्षांपूर्वी तलास नदीकाठी अरबांची आणि चिन्यांची लढाई झाली, चिनी हरले, आणि त्यांच्या कैद्यांनी समरकंदला कागद करायला शिकवलं, असं म्हणतात. तिथून तो जगभर गेला. डॉक्टरकीच्या अभ्यासातून वेळ काढून तू हे ऐकवत होतीस आणि मला कोण जिंकलं याचं काहीच वाटत नव्हतं. वाटत होतं त्या कैद्यांचं. हातात हुन्नर होता म्हणून ठेवून घेतले. जेवायला मिळत असेल, पण आपल्या भाषेत हाक मारणारं कोण होतं त्यांना? माझंही आयुष्य कारखान्यात टाइल्सच्या मध्ये कागद घालण्यात गेलं. मला कुणी धरून आणलं नव्हतं, एवढाच फरक.

अम्मी गेली, तू शिकायला गेलीस, आता घरात आवाज एसीचा. शेजारचा धनंजय शुक्रवारी जेवायला बोलावतो, पण त्याची मुलं दंगा करू लागली की मी लवकर उठतो. ‘उन्हाळ्यात घरी येते, माझ्या खोलीला हात लावू नका,’ असं तू दर फोनला बजावतेस. मी इन्शाल्ला म्हणतो आणि विषय बदलतो.

त्या कैद्यांतला एक जण दहा-अकरा वर्षांनी जहाजाने मायदेशी पोचला, असंही तू म्हणालीस. त्याचं घर जागेवर होतं का, हे विचारायचं राहिलं.

फोनवर जीभ रेटली नाही म्हणून कागदावर सांगतो. माझी साठी झाली, कंपनीने व्हिसा पुढे वाढवला नाही. महिनाअखेर फ्लॅट सोडायचा आहे. तुझा व्हिसा माझ्यावरच होता, तोही खलास. उन्हाळ्यात इथे यायला घर नाही, बेटा. तुझ्या खोलीतलं सामान मी परवा बांधून ठेवलं. दारामागच्या तुझ्या उंचीच्या रेघा तेवढ्या नेता येत नाहीत. दाभोळला तू पाहुणी म्हणूनच आलीस, हे मला माहीत आहे. तरी मी तिथे असेन. या कागदाची मागची बाजू कोरी ठेवली आहे, ती तुझी. इंग्रजीत लिहिलंस तरी चालेल.

तुझाच,
अब्बा