‘भ’ला दुसरी वेलांटी

दि. ९ मार्च, सकाळी पावणेसात, चहा उकळतोय.

तीर्थरूप आईस, धाकट्याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मी खुशाल आहे, जेवतो वेळेवर. मी चेटूक शिकतोय हे ताईने सांगितलंच असेल. घाबरू नकोस, यात कुणावर करणी नसते. शेजारच्या नर्सबाई स्वतःला हसत हसत चेटकीण म्हणवतात. मला झोप येईना, तेव्हा त्यांनी सांगितलं, मिठाच्या कोमट पाण्यात पाय बुडव आणि भीती कागदावर लिहून जाळ.

‘भिती’ लिहिलं, काडी पेटवली आणि थांबलो. ‘भ’ला दुसरी वेलांटी हवी! समोर बसलेल्या नर्सबाईंकडून नवा कागद घेतला.

“अरे, जाळायचंच आहे ना?”

“चुकीची जळली तर खरी मागे राहील की!”

नर्सबाई पोट धरून हसल्या. मग मीही हसलो. इथे आल्यापासून पहिल्यांदाच.

काल शिवणकारखान्यात मास्तरांना म्हणालो, “काजं-बटणं पुरे झाली, आता मला मशीन द्या.” आवाज कापला, पण वाक्य पूर्ण केलं.

“इतके दिवस मूग गिळून का बसला होतास? सोमवारी बस मशीनवर.”

तुझे गुडघे कसे आहेत? बाबा वेळेवर गोळ्या घेतात ना?

सोमवारची भीती वाटतेच, आई. ती घेऊनच मशीनवर बसणार आहे.

तुझा,
धाकटा