खांग आजोबांच्या वाटणीची गोळी

३ नोव्हेंबर
पोचले एकदाची डोंगरातल्या डालाट गावाला! एकोणीस वर्षं शिवणकारखान्यात मान मोडली, आता मिएन आजींची सोबतीण. आजी ब्याऐंशीच्या, जीभ तिखट. मला पाहून म्हणाल्या, लेकीला बाई पाठव म्हटलं होतं, हिनं काडी पाठवली. पण जेवताना स्वतःच्या हाताने माझ्या वाडग्यात मासा वाढला. आई गेल्यापासून मला कुणी वाढलं नव्हतं. उगीच भरून आलं.

४ नोव्हेंबर
दवाखान्यातली नर्स आजींच्या प्रेशरच्या गोळ्या नि यंत्र देऊन गेली. ही गोळी डोकेदुखीची नव्हे, म्हणाली. घेतली की लगेच उतरलं असं होत नाही. पुरता गुण यायला आठवडा-दोन आठवडे, अंगातून जायलाही दिवस लागतात. रोज एकच. चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन नाहीत. एकाची गोळी दुसऱ्याने घ्यायची नाही, हे दोनदा बजावलं. आजी म्हणाल्या, कळलं गं, बहिरी नाहीये मी.

७ नोव्हेंबर
पितरांच्या चौरंगावर आजींच्या यजमानांचा, खांग आजोबांचा फोटो आहे. जाऊन दोन वर्षं झाली. आजी रोज सकाळी त्यांच्यापुढे भात, चहा आणि त्यांच्या उरलेल्या डब्यातली प्रेशरची गोळी ठेवतात. जिवंतपणी विसरायचे मेले, आता कुठे सुधारलेत, म्हणे. मी खूप हसले. नैवेद्याचा चहा नंतर मला मिळतो.

१६ नोव्हेंबर
उभी राहिले की अंधारी येते. घोटे सुजलेत. आजींचं यंत्र माझ्या दंडाला लावलं, तर वरचा आकडा शहाऐंशी! आजींनी लपवलंही नाही. त्यांना गिळता येत नाही ना पोरी, घरातल्या कुणीतरी घ्यायला नको? म्हणून तुझ्या चहात विरघळवते. मी ओरडले. त्या रडल्या, मला वाटलं तू घरातली. आजोबांचा डबा नर्सकडे देऊन टाकला. ती म्हणाली, चहा सोड, काही दिवसांत वर येईल.

२० नोव्हेंबर
चहा बंद. माझा भात मीच शिजवते. आज ब्याऐंशी. वर यायला हवं होतं.

२२ नोव्हेंबर
चौरंगावर पुन्हा गोळी. डबा तर घरात नाही. आजींच्या गोळ्या मोजल्या, बरोबर भरल्या. आजी शपथेवर सांगतात, मी नाही ठेवली.

२३ नोव्हेंबर
खोलीला आतून कडी होती. जाग आली तर जीभ कडू. अठ्ठ्याहत्तर. नर्सला फोन केला. पाय उंच करून पडून राहा, गाडी घेऊन येते, म्हणाली. पण धुक्याने रस्ता बंद —

२४ नोव्हेंबर
उठवत नाही. सकाळी पलंगाशी कुणी बसलं होतं. आजी नव्हेत, त्या स्वयंपाकघरात गुणगुणत होत्या. गार बोटं, हनुवटीखाली. तोंड उघड, म्हणे. इतक्या मायेने, की मी —

२५ नोव्हेंबर
यंत्र आकडाच दाखवत नाही. आजी म्हणतात, चौरंगावर तुझाही वाडगा मांडलाय, त्यांच्या शेजारी. तुझ्यामागे धूप लावणारं आहे का कुणी? नाही. कुणीच नाही. भीती वाटते, फार —

दारावर थाप. नर्सचा आवाज. माझं नाव घेतेय. आजी दार उघडत नाहीत, नुसत्या माझ्याकडे बघतायत. एक हाक मारली की सुटले. पण माझ्यासाठी वाढलंय. भरल्या पानावरून उठून मी कुठे —